एक जंतु, दोन रोग

अहमदनगर जिल्ह्याला आतां अहिल्यानगर म्हणतात. ज्यांच्या स्मरणार्थ हें नांव दिलें गेलें त्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचें जन्मग्राम चौंडी याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत आहे. आणि १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामास ज्या खर्ड्याच्या रणांगणावर नमविलें तें खर्डेंही याच तालुक्यांतलें. शाळेंतल्या इतिहासामुळें जामखेडशीं आपली ओळख होते ती बहुधा एवढीच. परंतु वैद्यकाच्या क्षेत्रांत या कोरडवाहू, पावसाला पारख्या झालेल्या तालुक्याचें नांव जगभर गेलें त्याचें कारण निराळें आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें एक काम उभें केलें. १९७९ सालीं त्या कामाबद्दल उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. खेड्यांतील रोगांना शहरांतले डॉक्टर कधींच पुरे पडणार नाहींत हें ओळखून त्यांनीं गांवोगांवच्या साध्या स्त्रियांना हाताशीं धरलें. त्यांतील पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, आणि कित्येकजणी गांवानें वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतल्या होत्या. बाळंतपण, मुलांचे जुलाब, क्षय यांच्या जोडीला या स्त्रियांना आणखी एक गोष्ट शिकविण्यांत आली. ती म्हणजे अंगावरचा चट्टा ओळखणें.

रीत अगदीं साधी आहे. रोग्याला डोळे मिटावयास सांगावयाचें, कापसाला पीळ देऊन त्याच्या टोकानें कातडीला हलकेच स्पर्श करावयाचा, आणि जेथें स्पर्श झाला तेथें त्यानें बोट ठेवावयाचें. निरोगी कातडीवर बोट बरोबर पडतें. फिकट किंवा तांबूस चट्ट्याच्या मध्यावर मात्र कापूस टेकला तरी रोगी स्वस्थ बसून राहतो. त्याला कांहीं कळलेलेंच नसतें. जेथें कातडी बधिर, तेथें कुष्ठाची शंका घ्यावयाची. ज्या रोगाच्या नुसत्या नांवानें सुशिक्षित घरेंसुद्धां दाराला कडी घालतात, त्याचें निदान चिमूटभर कापसानें होऊं शकतें.

परंतु सर्वच कुष्ठरोगी असे नसतात, आणि आमच्या विषयास येथूनच प्रारंभ होतो. एकाच गांवांतले दोन रोगी कल्पनेनें शेजारीं बसवूं. पहिल्याच्या दंडावर एकच चट्टा आहे. त्याची कड रेखल्यासारखी स्पष्ट, मध्यभाग कोरडा, केस गळलेले, स्पर्श नाहीं. त्या जागेच्या कातडीचा बारीक काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर जंतु जवळजवळ सांपडतच नाहींत. दुसऱ्याच्या अंगावर असा ठळक डाग एकही नाहीं. उलट त्याचा चेहरा तुकतुकीत दिसतो. ‘प्रकृति सुधारली बरें का!’ असेंही शेजारीपाजारी म्हणत असतील. मात्र त्याच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत, भुंवयांचे केस बाहेरच्या बाजूनें विरळ होत चालले आहेत, नाक नेहमीं चोंदलेलें असतें, आणि अंगावर ठिकठिकाणीं बारीक गाठी हाताला लागतात. त्याच्या कातडीच्या तेवढ्याच कापांत जंतु कोट्यवधि, जुड्या बांधून ठेवल्यासारखे. पहिल्या प्रकाराला ट्युबरक्युलॉइड आणि दुसऱ्याला लेप्रोमॅटस म्हणतात.

दोघांचा जंतु एकच. नॉर्वेमध्यें हॅन्सेन यानें १८७३ सालीं तो प्रथम पाहिला. पुढें देशोदेशींच्या रोग्यांतील जंतूंची अनुवंशिक घडण तपासली गेली तेव्हां त्यांच्यांत फरक असा फारच थोडा निघाला. म्हणजे एकाला सौम्य जातीचा जंतु बाधला आणि दुसऱ्याला उग्र जातीचा, असें म्हणण्यास जागा राहिली नाहीं. बी एकच आणि पीक दोन तऱ्हांचें. तर फरक जमिनींत असला पाहिजे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें अशीं अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत. आज ज्यांना आपण कुष्ठ म्हणणार नाहीं असे कित्येक त्वग्रोग त्यांत आले आहेत, हें खरें. तरी एकाच नांवाखालीं नाना रूपें नांदतात हें त्यांच्या डोळ्यांतून सुटलें नव्हतें. लोकांनीं मात्र या विविधतेचा अर्थ आपल्या मतीप्रमाणें लावला. कोणी पूर्वजन्मींचें पातक म्हटलें, कोणी दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचा परिणाम म्हटला, कोणी घराण्याच्या रक्ताला दोष दिला. ज्याचा रोग अधिक, त्याचें पाप अधिक, हा हिशेब ओघानेंच आला. या हिशेबानें जितकीं माणसें घराबाहेर काढलीं तितकीं जंतूनेंही काढलीं नसतील.

खऱ्या उत्तराची पहिली खूण जपानांत मिळाली. मित्सुदा यानें मेलेल्या जंतूंपासून केलेलें एक द्रव्य रोग्यांच्या कातडींत टोंचून पाहिलें आणि १९१९ सालीं तें प्रसिद्ध केलें. एक चट्टा असलेल्या रोग्याच्या हातावर तीन-चार आठवड्यांनीं गांठ उठे. ज्याच्या सर्वांगांत जंतु भरले आहेत त्याच्या हातावर कांहींच उठत नसे. जो जंतूंनीं भरून गेला आहे त्याचें शरीर जंतूची दखलच घेत नाहीं, असा हा विलक्षण प्रकार. पुढें १९६६ सालीं रिडली आणि जॉपलिंग या दोघां इंग्रज वैद्यांनीं या दोन टोंकांमध्यें पायऱ्या बसविल्या आणि बहुतेक रोगी मधल्या पायऱ्यांवर कोठेंतरी उभे असतात असें दाखविलें. परंतु एखादा रोगी अमुकच पायरीवर कां उभा राहतो, याचें उत्तर मिळण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षें जावयाचीं होतीं. तें उत्तर साहाय्यक टी-पेशींनीं दिलें.

येथें थोडें थांबून शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था पाहिली पाहिजे. रोगप्रतिकार म्हटला कीं आपल्यासमोर येतात त्या लशी आणि रक्तांतील प्रतिद्रव्यें. हीं प्रतिद्रव्यें रक्तांत आणि शरीराच्या इतर द्रवांत पोहत असतात आणि बाहेर मोकळ्या सांपडलेल्या जंतूला चिकटून त्याचा निकाल लावतात. कुष्ठाचा जंतु मात्र मोकळा सांपडतच नाहीं. शरीरांत ज्या भक्षक पेशी जंतूंना गिळून पचवितात, त्यांच्याच पोटांत हा जाऊन राहतो. शिवाय मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींतही घर करतो. चोर धान्याच्या कणगींत लपला आणि पहारेकरी अंगणांत काठी आपटीत फिरत राहिले, तर उपयोग काय? लेप्रोमॅटस रोग्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें भरपूर असतात, पण त्यांची काठी अंगणांतच आपटते. येथें जंतूला मारावयाचा तर ज्या पेशीनें त्याला गिळलें आहे तिच्याच अंगीं बळ आणलें पाहिजे. तें बळ तिला स्वतः होऊन येत नाहीं. कोणीतरी येऊन तिला चेतवावें लागतें. हें चेतविण्याचें काम साहाय्यक टी-पेशीचें.

ही पेशी स्वतः जंतु खात नाहीं, प्रतिद्रव्यही करीत नाहीं. इतरांना कामाला लावणें हेंच तिचें काम. घरांतील कर्त्या बाईसारखें. तिचा जन्म हाडांतील मज्जेंत होतो आणि शिक्षण छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस नांवाच्या ग्रंथींत. टी हें अक्षर त्या ग्रंथीच्या नांवावरूनच आलें आहे. पूर्वी ही ग्रंथि निरुपयोगी समजत. जाक मिलर यांनीं १९६१ सालीं उंदरांवर प्रयोग करून तिच्यावांचून प्रतिकारशक्ति उभीच राहत नाहीं हें दाखविलें. थायमसांतून बाहेर पडणारी प्रत्येक पेशी फक्त एकाच विशिष्ट वस्तूला ओळखते. कोणी कुष्ठजंतूच्या एका तुकड्याला, कोणी क्षयजंतूच्या, कोणी जन्मभर भेटणारच नाहीं अशा कशाला तरी. मात्र शत्रु ओळखतां आला तरी त्याचें काय करावयाचें हें तिला अजून ठाऊक नसतें. मॅट्रिक पास झालेल्या मुलासारखी तिची स्थिति असते. अक्षरज्ञान झालें आहे, धंदा ठरावयाचा आहे.

तो धंदा ठरतो लिंफच्या गाठींत. बगलेंत, जांघेंत, मानेला ज्या अवधाणाच्या गाठी येतात त्याच या. कातडींत जंतु शिरला कीं तेथील डेंड्रायटिक पेशी, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेल्या पेशी, त्याचा तुकडा उचलून गांठीपर्यंत जातात आणि तेथून ये-जा करणाऱ्या टी-पेशींना तो दाखवितात. हजारों पेशी पाहून पुढें जातात. ज्या एकीला तो तुकडा बरोबर बसतो ती थांबते. आतां डेंड्रायटिक पेशी तिला नुसता शत्रूचा चेहरा दाखवून सोडीत नाहीं. ज्या प्रसंगांत तो भेटला त्या प्रसंगाची वार्ताही ती सांगते. ही वार्ता सूक्ष्म प्रथिनांच्या रूपानें जाते. त्यांना सायटोकाइन म्हणतात.

निरोपांत इंटरल्यूकिन-१२ नांवाचें प्रथिन असलें म्हणजे टी-पेशी पहिल्या वळणाला लागते. तिच्या केंद्रांत टी-बेट नांवाचें एक नियामक प्रथिन जागें होतें आणि ती इंटरफेरॉन गॅमा निर्माण करूं लागते. भक्षक पेशीला चेतविणारें द्रव्य तें हेंच. तें मिळतांच भक्षक पेशी पोटांतल्या जंतूंवर जालीम रसायनें सोडते. या वळणाच्या पेशींना टीएच-१ म्हणतात. उलट आसपास इंटरल्यूकिन-४ असलें तर गाटा-३ नांवाचें दुसरें नियामक प्रथिन जागें होतें, आणि पेशी टीएच-२ होते. तिचें काम प्रतिद्रव्यांना उत्तेजन देणें, इओसिनोफिल या रक्तपेशींना बोलावणें, आंतड्यांत अधिक बुळबुळीत स्राव करविणें. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून आंत शिरणाऱ्या अंकुशकृमींसारख्या शत्रूला, ज्याला कोणतीही पेशी गिळूं शकत नाहीं त्याला, हुसकून लावण्यास हीच तऱ्हा योग्य. तीच तऱ्हा धुळीच्या कणावर किंवा फुलाच्या परागावर उगीच चालूं लागली कीं दमा आणि अंगावर पित्त उठणें सुरू होतें.

या व्यवस्थेंतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं ही दोन वळणें एकमेकांना अडवितात. टीएच-१ पेशींचें इंटरफेरॉन नव्या पेशींना टीएच-२ होऊं देत नाहीं. टीएच-२ च्या बाजूचीं द्रव्यें, विशेषतः इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१०, पहिल्या बाजूला दडपून टाकतात. शिवाय प्रत्येक बाजू आपलीच वाढ अधिक करून घेते. आरंभीं पारडें एका बाजूला किंचित् झुकलें, तर तें झुकतच जातें. गांठींत पहिल्या कांहीं दिवसांत झालेला हा लहानसा निर्णय, सावकाश वाढणाऱ्या कुष्ठजंतूच्या बाबतींत, पांच-दहा वर्षांनीं माणसाच्या चेहऱ्यावर वाचावयास मिळूं शकतो. हा जंतु दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे घेतो. पटकीचा जंतु तेंच काम तासाच्या आंत उरकतो. कुष्ठाला घाई नसते.

हीं दोन वळणें आहेत हेंच मुळीं १९८६ पर्यंत कोणास स्पष्ट ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांत टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनीं उंदरांच्या साहाय्यक टी-पेशी एक-एक वेगळ्या वाढवून त्या कोणकोणतीं प्रथिनें सोडतात याची यादी केली. यादींत दोन स्वच्छ गट पडले. उंदरांत पडले ते माणसांत पडतील कशावरून, अशी शंका पुष्कळांनीं घेतली. ती शंका फिटली ती कुष्ठरोग्यांच्या कातडीमुळें. १९९१ च्या ऑक्टोबरांत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन निबंध एकामागोमाग प्रसिद्ध झाले. रॉबर्ट मॉडलिन, बॅरी ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-२ यांचे निरोप चालू असतात, तर लेप्रोमॅटस गाठींत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० यांचे. इतके स्पष्ट दोन ध्रुव माणसाच्या दुसऱ्या कोणत्याही रोगांत त्यापूर्वीं कोणी दाखविले नव्हते.

दुसऱ्या निबंधाच्या पहिल्या लेखिका पद्मिनी सालगामे या होत्या, आणि येथें महाराष्ट्राचा धागा लागतो. प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनीं कुष्ठानें वाकडीं झालेलीं बोटें आणि बसलेलीं नाकें नीट करण्यांत आयुष्य घालविलें. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेंत त्यांच्या व डॉ. महादेवन् यांच्या सहवासांत सालगामे यांनीं काम केलें होतें. १९८३ सालीं या तिघांनीं असें प्रसिद्ध केलें होतें कीं लेप्रोमॅटस रोग्यांच्या भक्षक पेशींतून कांहीं द्रव्य सुटतें व तें लिंफपेशींना दडपून टाकतें. आठ वर्षांनंतर अमेरिकेंत त्यांनीं रोग्यांच्या टी-पेशी एक-एक वेगळ्या वाढविल्या. ट्युबरक्युलॉइड रोग्यांच्या साहाय्यक पेशींनीं इंटरफेरॉन सोडलें. आणि लेप्रोमॅटस रोग्यांत इंटरल्यूकिन-४ सोडणाऱ्या निघाल्या त्या सीडी-८ नांवाच्या दुसऱ्याच जातीच्या टी-पेशी. म्हणजे पारडें झुकविण्यांत इतरांचाही हात असतो.

यामुळेंच टीएच-१ म्हणजे बरा रोग आणि टीएच-२ म्हणजे वाईट रोग, असें सूत्र पाठ करून मोकळें होतां येत नाहीं. १९९१ नंतर साहाय्यक पेशींचीं आणखी वळणें उजेडांत आलीं. टीएच-१७ ही बुरशी आणि आंतड्यांतले जंतु यांवर चालून जाणारी. फॉलिक्युलर साहाय्यक पेशी, ही प्रतिद्रव्यें करणाऱ्या बी-पेशींच्या वस्तींत जाऊन त्यांना वळण लावणारी, लशींचें यश पुष्कळसें हिच्यावर. आणि नियामक पेशी, ही सर्वांना आवर घालणारी. या शेवटच्या पेशींच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. लेप्रोमॅटस कातडींत या आवर घालणाऱ्या पेशीही वाढलेल्या आढळतात. शिवाय एकदां धरलेलें वळण जन्माचें, असेंही नाहीं. टोंकांवरच्या रोग्यांत तें घट्ट असतें. मधल्या पायऱ्यांवर पेशी डळमळीत असतात. या डळमळण्याची किंमत रोग्याला द्यावी लागते, ती पुढें पाहूं.

वळण बदलतां येत असेल तर लस टोंचून तें हव्या बाजूस कां वळवूं नये, असा विचार मुंबईच्या शास्त्रज्ञांच्या मनांत फार पूर्वीं आला. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. बापट यांनीं लेप्रोमॅटस रोग्याच्या गाठींतून एक जंतु प्रयोगशाळेंत वाढविला व १९५८ सालीं तें जाहीर केलें. संस्थेच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतु म्हणतात. तो कुष्ठाचा जंतु नव्हे, त्याचा भाऊबंद म्हणतां येईल. खरा कुष्ठजंतु काचेच्या नळींत आजपर्यंत कोणालाच वाढवितां आलेला नाहीं. या भाऊबंदापासून डॉ. माधव देव यांनीं लस केली. मित्सुदाच्या टोंचणीला ज्यांच्या हातावर कांहीं उठत नसे अशा कित्येक रोग्यांच्या हातावर या लशीनंतर गांठ उठूं लागली. तामीळनाडूंतील चिंगलपट जिल्ह्यांत एक लाख सत्तर हजारांवर लोकांत निरनिराळ्या लशींची तुलना झाली. १९९८ सालीं निष्कर्ष आले त्यांत या मराठी मुलुखांतल्या लशीनें सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलें, बीसीजीनें सुमारे ३४ टक्के. तरीही ती सर्वत्र टोंचली जाऊं लागली नाहीं. तोंवर औषधांनींच बाजी मारली होती.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रिफँपिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन या औषधांचा एकत्र उपचार सुचविला. आतां तो थोडे जंतु असलेल्यास सहा महिने, पुष्कळ असलेल्यास बारा महिने देतात. सरकारी दवाखान्यांत हीं औषधें फुकट मिळतात. रिफँपिसिनच्या पहिल्या कांहीं मात्रांतच रोग्यापासून दुसऱ्यास बाधण्याची भीति संपते. क्लोफाझिमीननें कातडी कांहीं काळ काळवंडते, ती पुढें निवळते; घरांत हें आधीं सांगून ठेवावें, नाहींतर औषध अर्ध्यावर सुटतें. २००५ च्या अखेरीस भारतानें दहा हजारांत एकापेक्षां कमी रुग्ण अशी पायरी गांठली. तरी अजूनही दर वर्षीं आपल्या देशांत सुमारें एक लाख नवे रुग्ण निघतात, आणि ते जगांतील नव्या रुग्णांपैकीं निम्म्याहून अधिक आहेत.

हे लाखभर लोक केवळ झोंपड्यांत राहतात अशी पांढरपेशांची समजूत आहे. गांधीजींनीं सेवाग्राम येथें ज्यांची स्वहस्तें शुश्रूषा केली ते परचुरेशास्त्री संस्कृताचे पंडित होते, हें या समजुतीस पुरेसें उत्तर आहे. आपल्या घरांत फरक इतकाच कीं चट्टा झांकला जातो. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, म्हणून लांब बाह्यांचें पोलकें. मुलाची मुलाखत आहे, म्हणून ‘नंतर पाहूं’. त्यांत आणखी एक घोटाळा असा कीं आपण कोडालाही श्वेतकुष्ठ म्हणतों. कोडाचा या रोगाशीं कांहींएक संबंध नाहीं. त्यांत जंतु नाहीं, संसर्ग नाहीं. पांढऱ्या डागावर कापूस टेकला तर स्पर्श पुरता कळतो. तेथें टी-पेशी आपल्याच रंगपेशींवर रुष्ट झालेल्या असतात, हा निराळा विषय. कुष्ठाच्या जंतूशीं संबंध आलेल्यांपैकीं बहुतेकांस, शंभरांतील पंचाण्णवांस म्हटलें तरी चालेल, रोग होतच नाहीं. त्यांच्या पेशी योग्य वळण घेऊन केव्हांच मोकळ्या झालेल्या असतात. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून आपल्या कायद्यांत होतें, तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. कायद्याला जें समजण्यास इतकीं वर्षें लागलीं तें घरांना अजून समजावयाचें आहे.

आतां वर राहिलेली गोष्ट. टीएच-१ पेशी जंतूला मारतात खऱ्या, परंतु कुष्ठाचा जंतु जेथें बसतो ती जागा फार नाजुक आहे. मज्जातंतूच्या आवरणांत जंतु, आणि त्याला मारण्यासाठीं तेथें जमलेल्या पेशींची सूज. त्या अरुंद म्यानांत मज्जातंतूच चिरडला जातो. पहिल्या रोग्याचा चट्टा बधिर कां झाला, त्याचें उत्तर हेंच. जंतूनें स्पर्श नेला नाहीं, रक्षणकर्त्यांनीं नेला. लेप्रोमॅटस रोग्याचा मज्जातंतु सावकाश निकामी होतो, ट्युबरक्युलॉइड रोग्याचा लवकर. कोणतें वळण बरें, असा प्रश्न मज्जातंतूला विचारला तर तो दोघांनाही नांवें ठेवील.

मधल्या पायऱ्यांवरील रोग्यांत पारडें कधीं कधीं अकस्मात् टीएच-१ कडे झुकतें. औषध सुरू झाल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत असें विशेषतः घडतें. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, हात-पाय दुखतात, आणि कांहीं दिवसांत, क्वचित् एका रात्रींत, बोटांतील बळ जातें. रोग्याला वाटतें कीं औषधानें रोग वाढविला, आणि तो औषध टाकतो. वस्तुतः शरीर जागें झालेलें असतें, पण नको त्या जागीं हातघाईवर आलेलें असतें. बायकांत हा प्रसंग बाळंतपणानंतरच्या महिन्यांत अधिक येतो. गर्भारपणीं पोटांतील परक्या जिवाला अपाय होऊं नये म्हणून शरीर या वळणाला आवर घालतें. प्रसूतीनंतर आवर सुटतो. ज्या घरांत बाळंतिणीच्या हातांतून भांडें निसटलें तर अशक्तपणा म्हणून सोडून देतात, त्या घरांत ही सूचना लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

यावर उपाय आहे, आणि तो वेळेवर व्हावा लागतो. कुष्ठाचें औषध चालूच ठेवून प्रेडनिसोलोन हें सूज उतरविणारें औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीं तीन ते सहा महिने द्यावयाचें. बळ जाऊन सहा महिने झालेले नसले तर पुष्कळदां तें परत येतें. त्यानंतर आशा कमी. म्हणून खेड्यांतील आरोग्यसेविकेला चट्ट्याबरोबर शिराही पाहावयास शिकवितात. कोपराच्या आंतल्या बाजूस हाडाच्या खोबणींत बोट घातलें म्हणजे एक दोरीसारखी शीर लागते. ती जाड झाली आहे कां, दाबल्यास दुखते कां? करंगळी शेजारच्या बोटापासून दूर नेतां येते कां? डोळे गच्च मीट म्हटलें तर पापणी पुरती मिटते कां? हीं तपासणी औषधाची शेवटची पुडी संपल्यावरही पुढें कांहीं वर्षें करावी लागते. जंतु मेलेले असले तरी त्यांचे अवशेष मज्जातंतूंत दीर्घकाळ पडून राहतात, आणि एकदां वळण घेतलेल्या साहाय्यक पेशींपैकीं कांहीं स्मरणपेशी होऊन राहतात. त्या अवशेषांनाही शत्रूच समजतात.